ग्वादाबेच्या चार सुऱ्या

मी झारियाचा. तीस वर्षं झाली कानो शहरात लोहारकीचा भाता ओढतोय, पण मी झारियाचाच. आणि झारियाचा माणूस हा कानोवाल्यांचा जन्मजात मालक असतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. कानोवाले नेमकं उलटं सांगतात, पण त्यांचं ऐकतो कोण?

हा खेळ पूर्वापार चालत आलेला आहे. आम्ही त्यांना गुलाम म्हणायचं, त्यांनी आम्हाला. चिडला तो हरला. सणाच्या दिवशी तर एकमेकांची वस्तू उचलून न्यायचाही हक्क असतो. चार लोकांसमोर ‘हा मालकाचा वाटा’ म्हणून उचलली की संपलं. मग ती परत मागायची नाही आणि तोंड वाकडं करायचं नाही. गेल्या ईदला ग्वादाबेनं माझ्या डोक्यावरची कोरी टोपी काढून स्वतःच्या टकलावर घातली, ती अजून मिरवतोय. त्याच्या आदल्या ईदला मी त्याच्या बोकडाची मागची तंगडी खांद्यावर टाकून भर गल्लीतून घरी आणली होती. हिशेब बरोबर आहे.

ग्वादाबे म्हणजे आमच्या बाजारातला किलिशी कापणारा. किलिशी सगळेच खातात, कापणारे थोडे. मांडीच्या मांसाचा बिनहाडाचा गोळा फळीवर ठेवायचा, कडेनं सुरी घालायची आणि गोळा फिरवत फिरवत उलगडत न्यायचा, कापडाचा तागा सोडावा तसा. हातभर लांबीची सलग चादर निघाली पाहिजे. ती उन्हात धरली की पलीकडच्या माणसाची दाढी दिसली पाहिजे. मग ती चटईवर वाळते, शेंगदाण्याच्या मसाल्यात बुडते, परत वाळते आणि शेवटी निखाऱ्यावर भाजली जाते. चादर जाड राहिली तर आत ओल राहते, माल खराब होतो. फाटली तर रश्शात जाते. म्हणून आमच्या बाजारातल्या फळीवर एक रिवाज आहे: एका दिवसात ज्याच्या तीन चादरी फाटतील, त्यानं फळीवरून उठायचं आणि कडुनिंबाखाली बसून शेंगदाणे कुटायचे. शेंगदाणे कुटणं वाईट नाही. पण फळीवरून उठलेला माणूस परत फळीवर बसल्याचं मी कधी पाहिलं नाही.

ग्वादाबे त्या फळीवर बत्तीस वर्षं बसलाय. आणि तो उठायची वेळ आली ती माझ्यामुळे. सांगून टाकतो एकदाचं.

त्याच्या आधीच्या सुऱ्या कोणाच्या ते सोडा, मी त्याला केलेली पहिली सुरी कानशीची. भंगारवाल्याकडे एक जुनी कानस मिळाली होती, रेल्वेच्या कारखान्यातली. कानस म्हणजे काय, जी बाकीचं लोखंड खरवडते ती. तिच्या पोलादात कोळसा मुरलेला असतो, म्हणून ते कडक होतं आणि धारही अशी घेतं की केस नुसता टेकवला तरी त्याचे दोन होतात. खाली पडली तर मात्र तुकडे. हाडावर मारली तर टवका जातो. पण किलिशीत हाड कुठाय? अकरा वर्षं ग्वादाबेनं ती सुरी वापरली. रोज सकाळी दगडावर पाजळायचा, रोज थोडी झिजायची. शेवटी बाभळीच्या शेंगेएवढी उरली आणि एक दिवस मुठीजवळ मोडली. तो मोडका तुकडा घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, गुलामा, अशीच दुसरी दे.

आता तशी कुठून आणू? हल्ली बाजारात येतात त्या कानशी वरवर कडक, आत लोणी. एखाद्याची नुसती कातडी कडक असावी, तशा. मी आठ-दहा दिवस हिंडलो, मिळाली नाही. ग्वादाबे रोज विचारायचा, झाली का, झाली का. झारियाच्या लोहाराला जमत नाही काय, असं चारचौघांत म्हणायचा. माझं डोकं तापलं. ट्रकच्या स्प्रिंगचा मोडका पाटा पडला होता, तो घेतला, ठोकून सुरी केली, चमकवली आणि दिली. म्हणालो, घे, अस्सल कानस आहे.

पाट्याचं पोलाद वाईट नसतं, उगाच बदनामी करणार नाही. कुदळ करा, कोयता करा, मटणवाल्याचा सुरा करा, जन्मभर मोडायचा नाही. लवचिक असतं, मार खातं. पण त्याला ती केसाची धार लागत नाही. लागली तर टिकत नाही. मला हे दहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. तरी म्हटलं, याला काय कळणार, कापणारा हा, ठोकणारा मी.

महिनाभरानं तो म्हणाला की चादरीची कड जरा भुरभुरीत येते. मी म्हणालो, नीट पाजळत जा, आळशी झालास. तो खरंच घरी जाऊन तासभर पाजळत बसला. तेव्हा मला जरा कसंतरी झालं होतं. पण जरासंच.

तेवढ्यात त्याचा मुलगा नाझिफी हजहून आला. पोरगा कापडबाजारात दुकान चालवतो, सालस आहे, बापावर जीव आहे. येताना सगळ्यांना खजूर आणि झमझमचं पाणी, आणि बापाला एक सुरी. काय तिची ऐट! पेटीत मखमल, सुरीत तोंड बघून दाढी करावी इतकी चकचकीत. पावसात ठेवा, लिंबाच्या रसात ठेवा, गंज म्हणून चढायचा नाही. सगळी गल्ली बघायला आली. ग्वादाबेनं ती डोळ्यांना लावली आणि माझी पाट्याची सुरी घरात बायकोला दिली.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? मी म्हणालो की ही सुरी टोमॅटो कापायला आहे. न गंजणारं असलं स्वस्त पोलाद मऊ असतं. धार चढते, पण दोन-चार फटक्यांत कड दुमडते, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. मक्केतून आली म्हणून पोलाद बदलत नाही. ग्वादाबे म्हणाला, तुझ्या पोटात दुखतंय. सगळे हसले. खेळच होता, मलाही हसावं लागलं. आणि जास्त ताणून धरावं तर तो विचारायचा, मग तुझी कानस अशी का निघाली?

झालं तसंच. सकाळी पहिली चादर झकास निघायची. दुसरी बरी. तिसरीला सुरी कापायच्या ऐवजी ओढायला लागायची आणि चादर फाटायची. दिवसाला एक फाटायला लागली, मग दोन. लोक कुजबुजायला लागले की म्हाताऱ्याचा हात गेला. वाईट हे की ग्वादाबेलाही तसंच वाटायला लागलं. सुरीवर संशय घ्यावा तर ती मक्केची, पोराच्या हातची. मग उरलं काय, स्वतःचा हात. रोज दुपारी नाझिफी दुकानातून डोकावून जायचा, बाप आपली सुरी वापरतोय हे बघून खूश व्हायचा. ती पेटीत ठेवून दुसरी घ्यायची कशी?

मग एका शनिवारी तीन फाटल्या. खाटकांचे मुखिया आल्हाजी शेकाराऊ स्वतः आले. माणूस भला आहे. म्हणाले, बत्तीस वर्षांच्या माणसाला मी एका दिवसावर उठवणार नाही. गुरुवारी सगळ्यांसमोर बस आणि तीन चादरी काढ. निघाल्या तर फळी तुझी. एक जरी फाटली, तर मसाल्याकडे बघ, तिथंही जाणता माणूस लागतो.

त्या संध्याकाळी ग्वादाबे माझ्या भट्टीवरून गेला आणि मला गुलाम म्हणाला नाही.

तीस वर्षांत एक दिवस असा गेला नव्हता. त्याचा धाकटा भाऊ वारला, त्या दिवशीसुद्धा मी सांत्वनाला गेलो तर रडता रडता म्हणाला होता, आलास गुलामा, बस. आणि आता नुसता सलाम करून गेला, परक्याला करावा तसा. माझ्या हातातला हातोडा हातातच राहिला. घरी जेवण गेलं नाही. हन्नेनं, माझ्या बायकोनं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा मी ओकून टाकलं सगळं, पाट्यासकट.

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, “अहो, त्याचा हात चांगला आहे हे साऱ्या कानोत फक्त तुम्हाला माहीत आहे. आणि तुम्ही इथं बसून माझं डोकं खाताय?”

रविवारी सकाळीच मी त्याच्या घरी गेलो, सगळं सांगायचं ठरवून. तो अंगणात बसला होता, उजवा हात पुढे धरून बोटांकडे बघत. नाझिफी शेजारी बसून बापाच्या मनगटाला तेल चोळत होता. ती चकचकीत सुरी पेटीत उघडी ठेवलेली.

“हा हात माझा राहिला नाही, बराऊ,” ग्वादाबे म्हणाला. गुलामा नाही, बराऊ.

माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्या पोराच्या तोंडावर कसं सांगू की बाबा, तुझ्या हजच्या भेटीनं बापाला फळीवरून उठवलंय? आणि समजा सांगितलं, तरी गुरुवारी ग्वादाबेनं कापायचं कशानं, माझ्या कबुलीनं? मी पाणी प्यायलो, खोकलो आणि उठलो. आधी सुरी हवी होती. सुरीसाठी पोलाद हवं होतं.

मग दीड दिवस मी सारं भंगार उपसलं. पोलाद ओळखायचं तर धारेच्या चाकावर घासून ठिणग्या बघायच्या. पाट्याच्या ठिणग्या लांब, पिवळ्या, शेंड्याला एखादा फाटा. न गंजणाऱ्या चकचकीत पोलादाच्या आखूड, तांबूस, मरतुकड्या. आणि खऱ्या कानशीच्या पांढऱ्या, चाकातून निघतात न निघतात तोच फुटतात, एकेकीला वीस-वीस फाटे. मी सतरा कानशी घासल्या. सगळ्यांचं एकच: कातडीपुरती फुलं छान उडायची, आत गेलं की मलूल. भंगारवाला म्हणाला की तू घेत तर काही नाहीस, नुसता माझा माल झिजवतोस. मी त्याच्यावर उखडलो, त्याची काही चूक नसताना.

सोमवारी दुपारी भट्टीवर येऊन बसलो आणि समोर बघितलं. समोर खुंटीवर माझ्या बापाची कानस टांगलेली.

बाप गेला तेव्हा थोरल्याला जमीन मिळाली, मधल्याला शेळ्या आणि मला ही कानस. झारियाच्या रेल्वे कारखान्यात तो वीस वर्षं होता, तिथून निघताना साहेबानं दिलेली. दीड वीत लांब, अर्धे दात झिजलेले, मुठीजवळचे अजून ताजे. आजवर केलेल्या प्रत्येक सुरीवर शेवटचा हात मी तिचाच फिरवला होता. ग्वादाबे तर तिला माझी सासू म्हणायचा, कारण तिला कोणी हात लावला की मी ओरडायचो.

मी तिला खाली काढली, परत टांगली. परत काढली. चाकाला जरासं टोक लावलं. अशी पांढरी फुलं उडाली की शेजारचा कुदळवाला उठून बघायला आला.

त्याला मी म्हणालो, बघतोस काय, भाता ओढ.

मंगळवारी ती ऐरणीवर घेतली. तापवताना लाल ठेवली, पिवळी होऊ दिली नाही, जास्त तापली तर हे पोलाद जळतं. मुठीकडून टोकाकडे लांबवत, पातळ करत गेलो. बापाचे दात हातोड्याखाली एकेक ओळ करून झोपत गेले. रडलो वगैरे नाही, धूर होता. मग रात्रभर राखेत पुरून ठेवली, निवांत निवू दिली. बुधवारी सकाळी बाहेर काढली, कड घासायला सवयीनं खुंटीकडे हात गेला आणि खुंटी रिकामी. हातात धरलंय तेच शोधत होतो. स्वतःला चार शिव्या दिल्या आणि चाकावर घासली.

मग पाणी द्यायचं. हे पोलाद साध्या पाण्यात बुडवलं तर तडकायची भीती, म्हणून हन्नेचं शेंगदाण्याचं तेल घेतलं, आठवड्याचं सगळं. तेल कोमट केलं, सुरी लाल केली आणि सरळ आत सोडली. तडकल्याचा बारीक टिक्‌ असा आवाज येतो, तो येऊ नये म्हणून मी कान देऊन उभा. हन्ने दारात, तीही कान देऊन. आला नाही. मग तापल्या लोखंडावर ठेवून हळूहळू वाळल्या गवताचा रंग चढेपर्यंत शेकली, म्हणजे कडकपणा राहतो पण काचेसारखी फुटत नाही. दुपारभर दगडावर पाजळली. मुठीजवळ बोटभर जागेत बापाच्या दातांच्या पुसट रेषा राहिल्या होत्या. त्या घासून काढायला हवं होतं. वेळ नव्हता म्हणतो मी, पण खरं म्हणजे हात धजला नाही. आणि सुरी दिसायला काय, काळीकुट्ट, ठिगळाठिगळाची. हन्नेनं डोक्यावरचा एक केस दिला. टेकवला आणि दोन झाले.

गुरुवारी बाजार जमला होता. आल्हाजी शेकाराऊ कडुनिंबाखाली चटईवर. नाझिफी दुकान बंद करून आलेला, ओठ हलत होते, दुआ मागत असणार. ग्वादाबे फळीवर बसला, मांडीचा गोळा समोर आला, त्यानं पेटी उघडली आणि मक्केची सुरी काढली. मांसाकडे न बघता तो स्वतःच्या बोटांकडेच बघत बसला.

मी गर्दीतून घुसलो आणि ती सुरी त्याच्या हातातून उपटली.

“हा मालकाचा वाटा,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. “कानोचे गुलाम मक्केच्या सुरीनं कापणार आणि झारियाचे मालक हात चोळत बसणार काय? ही माझ्या घरी कांदे कापेल. गुलामाला गुलामासारखी सुरी.” आणि माझी काळी सुरी त्याच्या मांडीवर टाकली.

सण नव्हता, म्हणजे हक्काचा दिवसही नव्हता. कोणीतरी म्हणालं, आज कुठली ईद? मी म्हणालो, मालक असेल त्या दिवशी ईद. नाझिफीचा चेहरा पडला होता. तो माझ्याकडे एक पाऊल आलाही. “काका, ती मी अब्बांसाठी...” एवढंच म्हणाला. पण आल्हाजी शेकाराऊ पोट धरून हसायला लागले आणि मग सगळा बाजार हसला. खेळात ओढून नेलेली वस्तू परत मागायची नसते, हे नाझिफीलाही ठाऊक होतं. बिचाऱ्यानं हसून घेतलं. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

ग्वादाबे मात्र हसला नाही. त्यानं काळी सुरी उचलली, उलटीपालटी केली. धारेवर आडवा अंगठा फिरवला आणि थांबला. मग मुठीजवळ अंगठा नेला. तिथं जरा जास्त वेळ थांबला. वर माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

त्यानं बिस्मिल्ला म्हणून सुरी घातली.

आवाज आला नाही. ओढणारी सुरी बारीक कुरकुरते, कान देऊन ऐकलं तर ऐकू येतं. ही नुसती गेली. गोळा फिरत गेला, चादर उलगडत गेली आणि दुसऱ्या फेऱ्याला त्यानं बोटांकडे बघणं सोडून दिलं. चादर सुटली तशी ग्वादाबेनं ती दोन्ही हातांनी उन्हात धरली. पलीकडून आल्हाजींची दाढी दिसली, पांढरी, केस न्‌ केस. दुसरी काढली. तिसरी तर त्यानं माज करून काढली, सुरीकडे न बघता, माझ्याकडे बघत. कोणी मागितली नसताना चौथीही काढली.

आल्हाजी उठले, चटई झटकली. म्हणाले, उन्हात कशाला बोलावलंत मला, हा तर ठणठणीत आहे. नाझिफीनं बापाचा उजवा हात धरून डोळ्यांना लावला. मला तिथं थांबवेना. मी मक्केची सुरी कमरेला खोचून भट्टीवर आलो आणि उगाचच निखारे ढवळत बसलो.

दुपारच्या नमाजानंतर ग्वादाबे आला. माझ्या ओट्यावर बसला, माझंच पाणी प्यायला. तो समोरच्या रिकाम्या खुंटीकडे बघत होता. मी म्हटलं आता विचारणार, आणि विचारलंच.

“कशाची केलीस?”

एकदा पाटा कानस म्हणून याच्या गळ्यात मारला होता. आता कानशीला कानस म्हटलं तर हा बत्तीस वर्षांचा फळीवरचा माणूस माझ्यासमोर रडेल, मग मीही रडेन आणि कुदळवाला बघत बसेल. मी म्हणालो, “ट्रकचा पाटा होता पडलेला. गुलामाला आणखी काय द्यायचं?”

त्यानं मान डोलावली. सुरी मांडीवर होती, अंगठा मुठीजवळच्या रेषांवरून मागे-पुढे फिरत होता. मग उठला, माझी कोरी टोपी, जी गेल्या ईदपासून त्याच्या टकलावर होती, ती काढून रिकाम्या खुंटीवर टांगली आणि उन्हात उतरला. चार पावलं गेल्यावर मागे वळला.

“ऐक गुलामा,” तो म्हणाला, “या वेळचा पाटा झकास निघाला. मागच्या वेळची कानस मात्र अगदीच भिकार होती.”